बुरुजाच्या तसबिरीची काच

भिण्याची कला संपूर्ण अवगत असलेला एकच मनुष्य मी आयुष्यात पाहिला: जपानात त्सुकुबाला आमच्या भिंतीपलीकडे राहणारा, साठीचा, ताडमाड आयरिश इंग्रजीशिक्षक. तिथल्याच इचिकावा शहरातली आमच्या ओळखीची मराठी मंडळी त्याला ‘पळपुटा’ म्हणतात. म्हणोत. त्यांच्यापैकी एकही त्या दिवशी आमच्या जिन्यात हजर नव्हता, मी होतो.

त्याच्या गावी हिरव्या कुरणाच्या मधोमध किल्ल्याचा एक बुरूज उभा आहे. अर्धा ढासळलेला, वेलींनी आवळलेला, पायथ्याशी मेंढ्या. जगातली प्रत्येक वास्तू तो या बुरुजाशी ताडून पाही. माझ्या मुलाने हौसेने एक भव्य जपानी किल्ला दाखवला, तर म्हणाला, “छान आहे. पण मेंढ्या कुठे आहेत?” त्या बुरुजाच्या भेगांवर गावकरी काचेच्या पट्ट्या चिकटवतात. पट्टी तडकली, की भिंत हलली असे समजून मेंढ्या दूर न्यायच्या.

मोठ्या भूकंपाने आमच्या सामाईक भिंतीला भेग पडली, तेव्हा त्याने बुरुजाची एकुलती एक तसबीर उतरवली, तिची काच कापली आणि पट्टी माझ्या बाजूने भेगेवर चिकटवली. “राहायला हरकत नाही, असे तपासनीस सांगून गेलेत,” मी ठणकावले.

“ते गेलेत, आजोबा. राहतोय आपण. आणि दाराला कडी लावू नका.” हे ‘आजोबा’ त्याने माझ्या नातीकडून उचललेले; वास्तविक मी त्याच्याहून जेमतेम बारा वर्षांनी मोठा!

जमीन अजून शांत झाली नव्हती. प्रत्येक धक्क्यानंतर भिंतीपलीकडून कापरा प्रश्न येई: “आजोबा, काच?” मी उत्तर देई: “शाबूत.” माझा आवाज कापत नसे, असे मी आजवर सांगत आलो आहे.

एका दुपारी मी घरी एकटा असताना धक्का थांबेचना. “आजोबा, काच?” माझी वाचा बसली होती. पट्टी मधोमध तडकली होती आणि माझे गुडघे जागचे हलत नव्हते. तो आत आला, पट्टी पाहून पांढराफटक पडला, मला पाठुंगळी घेतले आणि देवाचा धावा करत दोन मजले उतरला. खाली सायकलींपाशी मला ठेवले तेव्हा त्याचे दात वाजत होते. “आमची मेंढी हलकी असते, आजोबा,” एवढेच तो बोलला.

संध्याकाळी मुलाने विचारले, “बाबा, उतरलात कसे?”

“माझ्या पायांनी,” मी म्हणालो.

त्या एका वाक्यातून पुढची सगळी कथा निपजली: शेजारी पळाला, म्हातारा मागाहून एकटा उतरला. ती त्याच्याही कानी गेली. तो हसला, आणि गावी परत जाईपर्यंत त्याने खुलासा केला नाही. मीही नाही. तो खुलासा मी आज करतो आहे.

हल्ली आम्ही नागोयाला असतो. इथल्या भिंतीला भेग नाही; पट्टीचे दोन तुकडे माझ्या चष्म्याच्या डबीत आहेत. जमीन जराशी हलली, तरी मी भिंतीला कान लावतो. पलीकडून कोणी विचारत नाही. मीच हलक्या आवाजात सांगतो, “तडकली रे. ये लवकर.”