दुपारी न सापडणारी पेटी

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण मी गेलो होतो तोच भांडायच्या तयारीने.

वास्कोच्या आमच्या कचेरीत एक प्रोग्राम होता. रोज दुपारी दोनला तो संगणक एकमेकांना जोडणारे नेटवर्कवरचे सगळे स्विच आणि त्यांना जोडलेल्या जादा पेट्या आपणहून शोधायचा. डिचोली शाखेतला स्विच सापडायचा, त्याची जोडपेटी मात्र कधीच नाही. सकाळी फोन करावा, तर ती ठणठणीत चालू! साहेब मलाच कामचुकार समजू लागले.

शेवटी वैतागून बस पकडली. पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती, आणि थंडगार यंत्रखोलीत शाखेचा रखवालदार चटई अंथरत होता. त्याने शर्ट खिळ्याला टांगला, जोडपेटीचा प्लग उपसला आणि तिची घरघर थांबल्यावर तिला हळूच थोपटलं.

"अहो, काय करताय? कधीपासून शोधतोय मी हिला!" मी ओरडलो.

"आवाजान न्हीद येना, बाब. चारांक परत लायतां." मग कुशीवर वळत तो म्हणाला, "दनपारां गोंयांत मनीस मेळना. पेटी कशी मेळटली?"

दुपारी गोव्यात माणूस सापडत नाही म्हणे! तक्रार करायला मी तणतणत बाहेर आलो. मॅनेजर घरी झोपलेले. समोरचं दुकान बंद, चहावाला बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा आडवं. झक मारत परत आत आलो.

डोळे न उघडताच तो चटईवर थोडा सरकला.

तेवढ्यात माझ्या खिशात साहेबांचा फोन वाजू लागला. मी तो बंद केला.