वरचा एक तास

तिकिटांच्या दुकानातल्या त्या गृहस्थांना सगळे मिनिटकाका म्हणत. कुठलेही दोन विमानतळ सांगा, मधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ त्यांच्या जिभेवर तयार. मालकाचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत काका उत्तर देऊन मोकळे. स्वतः मात्र एकदाही विमानात बसले नव्हते. पाण्यात पाय न घालता पोहायला शिकवावं तसा प्रकार, पण आजवर शिष्य एकही बुडाला नव्हता, हेही खरं.

"आयुष्यात मला कधी उशीर झाला नाही," हा त्यांचा दुसरा तोरा. लेकीचा बक्षीस समारंभ असो की नात्यातलं लग्न, काका वेळेवर हजर. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि त्यांचं जाणं-येणं दुकान ते घर एवढंच उरलं. घर दुकानाच्या वरच होतं.

मग लेकीचं लग्न ठरलं, ती राहायची तिथे, नऊ हजार दोनशे किलोमीटरवर. सकाळी दहाला कचेरीत सह्या, साक्षीदार बाबा.

"आदल्या दिवशी या," लेक फोनवर म्हणाली.

"कशाला? अकरा तास चाळीस मिनिटं. तुमच्या घड्याळात आठ पाचला उतरतो. तिथून कचेरी अर्ध्या तासावर. मला शिकवू नकोस."

विमान आठ पाचलाच टेकलं. काकांनी शेजाऱ्याला मुद्दाम घड्याळ दाखवलं. मग विमान जागेवर लागायला वीस मिनिटं, पुढे संपता संपेना असा बोळ, त्यापुढे पासपोर्टची रांग. तीस वर्षं काकांनी चाकं उचलल्यापासून चाकं टेकेपर्यंतच वेळ मोजला होता. त्यानंतर माणसाला चालावंही लागतं, हे त्यांच्या गणितात नव्हतंच. सामानाच्या पट्ट्यापाशी पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते आणि बॅग येईना. बॅगेत लग्नासाठी शिवलेला कोट. पण आपल्यावाचून सह्या झाल्या तर? दहाला पाच कमी असताना त्यांनी कोटावर पाणी सोडलं आणि टॅक्सीची रांग गाठली.

चुरगळलेल्या शर्टात, धापा टाकत ते कचेरीत शिरले तेव्हा दहा चाळीस झाले होते. लेक बाकावर निवांत बसली होती.

"झालं का गं?"

"कुठलं? वेळ अकराची आहे. तुम्हाला दहा सांगितली होती."

"म्हणजे खोटं बोललीस?"

"आईची रीत आहे ती. कुठेही जायचं असलं की तुम्हाला तासभर आधीची वेळ सांगायची. जाण्याआधी मलाही बजावून गेली, बाबांना खरी वेळ कधी सांगू नकोस म्हणून."

काका मटकन बाकावर बसले. बक्षीस समारंभ, लग्नं, सगळीकडची ती वेळेवरची हजेरी बायकोची होती, आणि तिने एकदाही ते बोलून दाखवलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

अकराला नाव पुकारलं. साक्षीदाराने सहीखाली वेळ लिहायची होती. काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे नीट पाहिलं आणि ठळक आकड्यात दहा लिहिले.