आण्णांची गळकी टाकी

आमच्या घरात रेल्वे आली ती गोणपाटात बांधून. नागापूरच्या ज्या कारखान्यात माझा नवरा इलेक्ट्रिशियन होता, तिथल्या एका साहेबांची बदली झाली आणि सामान आवरताना त्यांनी आपली हौसेची जुनी खेळण्यातली आगगाडी ह्यांना देऊन टाकली. एक काळं इंजिन, पाच डबे, लंबगोल रूळ आणि करंट देणारी एक पेटी. ह्यांनी त्याच संध्याकाळी दिवाणावरची गादी उचलून तिथे प्लायवूड टाकलं, रूळ जोडले आणि पाहुणे आले तर त्यांना बसवायचं कुठे हा प्रश्न माझ्यावर सोडून दिला. नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. आमची खोली एवढीशी, तिच्यात आता रेल्वे जंक्शन.

सासरे, म्हणजे आण्णा, खुर्ची ओढून बघायला बसले. गाडी सुटली. एक फेरी झाली, दहा झाल्या, वीस झाल्या. आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि आण्णांच्या कपाळावर आठ्या वाढत होत्या.

"ह्ये इंजान वाफेचं ना?"

"दिसायला वाफेचं आहे. चालतं करंटवर," हे म्हणाले.

"मग त्याला पानी कुठं पाजायचं? मघापासनं पळतंय बिचारं."

आण्णा रेल्वेत पंप खलाशी होते. दौंड-मनमाड लाईनवरच्या आमच्या गावच्या छोट्या स्टेशनात विहिरीचं पाणी पंपाने उंच टाकीत चढवायचं आणि तिथून इंजिनांना पाजायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. 'भरायचं' असं ते कधी म्हणत नसत, 'पाजायचं'च म्हणत. मग डिझेलची इंजिनं आली, आण्णा रिटायर झाले आणि ती टाकी गॅसकटरने कापून भंगारात गेली. तिचा एक धड फोटो नाही. आण्णांच्या निरोप समारंभाच्या फोटोत मागे तिचा एक पाय दिसतो, तोही साहेबांच्या हाराने अर्धा झाकलेला.

"मास्तरीणबाई," आण्णा मला म्हणाले, "तू चित्रकलेची ना? मला माजी टाकी करून दे. म्या हाय तवर कर. माज्यामागं ती कशी हुती ह्ये सांगनारं कुनी ऱ्हानार न्हाई."

मी ए.टी.डी. झालेली, शाळेत चित्रकला शिकवणारी आणि स्वभावाने तापट. असं कुणी मागितलं की मला चेव येतो. दुसऱ्याच दिवशी मी वनस्पती तुपाचा गोल डबा घेतला, विणायच्या चार सुयांचे पाय लावले, वर टोकदार छप्पर बसवलं. एका कॅलेंडरवर परदेशातल्या स्टेशनचं चित्र होतं, त्यात अगदी अशीच टाकी होती. लाल रंग दिला, पांढरी किनार ओढली. माझ्या मते ती प्रदर्शनात ठेवण्यासारखी झाली होती.

आण्णांनी चष्मा पुसून ती बघितली. "ह्यो रांजन हाय," ते म्हणाले. "रेल्वेची टाकी चौकोनी आस्ती. लोखंडाच्या प्लेटा. लांबीला सात, रुंदीला चार, उंचीला दोन. म्या सोता रंगवल्यात, मोजून."

म्हणजे चारी बाजूंच्या मिळून चव्वेचाळीस प्लेटा. मी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापायला काढल्या. जाड पुठ्ठ्याच्या पत्रिका सगळ्यात चांगल्या, त्यामुळे ज्यांनी लग्नात खर्च केला होता त्यांचीच मंगलकार्यं आमच्या टाकीला लागली. प्रत्येक प्लेटवर फुलीसारखा उंचवटा, कडेने नटबोल्ट. नटबोल्टांना काय वापरावं? मोहरी. चिमट्याने एकेक दाणा उचलून डिंकावर ठेवायचा. आठवडाभर घरात मोहरीशिवाय फोडणी झाली आणि ह्यांनी ती मुकाट्याने खाल्ली, कारण गाडी त्यांनीच आणली होती.

पाय सायकलच्या तारांचे केले, शिडी केसांच्या पिनांची. इंजिनात पाणी सोडणारी जी सोंड असते तिच्या तोंडाला जुन्या छत्रीचं कापड बांधलं. पाणी किती उरलंय ते लांबून दाखवणारी पट्टीसुद्धा बाहेरून बसवली. आण्णा समोर बसून मुकादमासारखे सूचना देत होते. शिडी डाव्या बाजूला. डाव्या म्हणजे दौंडकडून येताना डाव्या. मनमाडकडून नव्हे.

मग आजूबाजूची जमीन. मी लाकडाचा भुसा हिरवा रंगवून सगळीकडे पसरला, कापसाचे ढग टांगले आणि एका कोपऱ्यात सुरूची झाडं उभी केली.

"कुठलं गाव म्हनायचं ह्ये?" आण्णांनी विचारलं.

"आपलंच."

"आपल्या गावात इतकं हिरवं आसतं तर म्या रेल्वेत कशाला गेल्तो?"

दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता एसटीने गावाला गेले आणि पिशवीभर माती घेऊन आले. स्टेशनच्या आवारातली, इंजिनांच्या राखेने काळपट झालेली. कंडक्टरने पिशवीत काय आहे विचारलं तेव्हा "जिमीन" असं सांगितलं म्हणे. ती माती मी चाळून पसरली. झाड एकच, बाभळीचं, तेही रेल्वेच्या हद्दीबाहेर; काथ्याचं केलं. हिरवळ फक्त टाकीखाली, कारण तिथे ओल असायची. तिथे मी ओल्या फडक्यावर अळीव पेरला आणि चार दिवसांत टाकीखाली गुडघाभर गवत आलं, म्हणजे माझ्या मातीच्या बाहुल्यांच्या गुडघ्याएवढं. बायकांच्या त्या बाहुल्या घागरी घेऊन उभ्या करायला आण्णांनीच सांगितलं होतं. मला वाटलं, देखाव्याला शोभा.

"झाली!" मी जाहीर केलं.

आण्णांनी प्लेटा मोजल्या. शिडीवरून बोट फिरवलं. "सगळं बराबर हाय," ते म्हणाले, "पन ही ती टाकी न्हाई."

"काय कमी आहे?"

"काय की. पन ती न्हाई."

हे तीन दिवस चाललं. सकाळी चहा पिताना बघायचे आणि मान हलवायचे. माझं डोकं फिरलं. चव्वेचाळीस प्लेटांना मोहरी चिकटवणाऱ्या बाईला कुणी तरी 'काय की' म्हणावं? मी आण्णांशी बोलणं सोडलं. जेवायला वाढत होते, पण भाकरी ताटात पडल्याचा आवाज शेजारी जाईल अशी वाढत होते.

चौथ्या दिवशी दुपारी हे कामावर गेलेले असताना आण्णा आपण होऊन माझ्याजवळ आले. टाकीच्या बुडाशी, गावाकडच्या कोपऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हितं गळत हुती."

"आण्णा, मी आतून फटींत लांबी भरून ऑइलपेंट मारलाय. एक थेंब गळणार नाही!"

"त्येच तर चुकलंय."

आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं. सासरची आमची माणसं बौद्ध. छप्पन सालानंतर धर्म बदलला, पण गावच्या विहिरीवर जायचं तर अजून लांबच उभं राहावं लागे. बाहत्तरच्या दुष्काळात ती विहीरच आटली आणि अख्ख्या पंचक्रोशीत पाणी उरलं ते आण्णांच्या टाकीत. रेल्वेचं पाणी गावाला द्यायला बंदी. दिलं तर नोकरी जाणार. आणि आण्णांनी नोकरी पणाला लावून दिलं असतं, तरी त्यांच्या हातचं पाणी गावातल्या मोठ्या घरच्या बाया घेणार नव्हत्या.

"मग म्या काय केलं," आण्णा म्हणाले, आणि एकदम चोरी करताना पकडलेल्या माणसासारखे हसले, "पहाटं पाना घिऊन वर चढायचो आन त्या कोपऱ्यातला एक नट सैल करायचो. करंगळीयेवढी धार. गळतंय त्ये गळतंय. त्याला कुनाचा हात लागत न्हाई. गळतीला कुठं जात आस्ती? साहेबाची ट्रॉली यायच्या टायमाला पुन्ना आवळायचो. साहेबानं इचारलं तर म्हनायचो, सांध्याचं पॅकिंग जुनं झालंय."

"आणि बायका?"

"पयल्यांदा दोन रांगा. त्यांची म्होरं, आपली मागं. तुजी सासू मागं उभी ऱ्हायाची. ऊन चढलं की मातुर रांगेचं भान ऱ्हायाचं न्हाई कुनाला. एकच व्हायाची."

मला आदल्या तीन दिवसांच्या भाकऱ्यांची लाज वाटली, एवढं खरं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे किंचाळलेच. गाडीत करंट, शेजारी पाणी, घर जाळायचंय का? पण सासऱ्यांनी आणि बायकोने एकदा एकी केली की नवऱ्याचं काही चालत नाही. मी मोहरीचा एक नटबोल्ट उपटून तिथे भोक पाडलं. दवाखान्यातून सलाईनची नळी आणली आणि आतून बसवली. तिचं चाक फिरवलं की थेंबांचा वेग हवा तसा ठेवता येई. खाली अळिवात लपवलेली स्टीलची वाटी. ह्यांनी रूळ हातभर लांब सरकवले आणि वर घरातल्यांना सूचना दिली की पावसाळी चप्पल घातल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. टाकीत पाणी भरलं, थेंब पडला, आणि आण्णा म्हणाले, "आता झाली."

पुढच्या महिन्यात गावाकडची एक म्हातारी नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आली. स्टेशनला लागून ज्यांची जमीन, त्या मोठ्या घरातली. आण्णा तिला आक्का म्हणत. दिवाणावर रेल्वे असल्यामुळे तिला खुर्चीत बसवलं. तिची नजर टाकीवर गेली आणि ती उठूनच उभी राहिली.

"आगं बया, ही तर आपली टाकी! आन गळती बी हाय की!"

आण्णांची छाती फुगली. "गळायचीच ती, आक्का," त्यांनी सवयीने जुनं उत्तर दिलं. "पॅकिंग जुनं हुतं."

म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "पॅकिंग व्हय? पहाटं टांग टांग वाजायचं, त्ये काय पॅकिंग वाजायचं? माजी सासू हाक मारायची, उठा गं पोरींनो, त्यो पाना घिऊन चढला, आता टाकी गळंल."

हेही हसले. मीही हसले. आण्णा मात्र हसले नाहीत. इतकी वर्षं जपलेलं एकच गुपित, आणि ते गुपित नव्हतंच.

"तुमास्नी म्हाईत हुतं?"

"समद्या गावाला म्हाईत हुतं."

"माज्या हातानं सोडलेलं हाय, ह्ये म्हाईत असून पानी पेलात?"

"पेलो की."

"मग आक्का, सरळ मागितलं का न्हाई? येकदा तरी?"

म्हातारीचं हसू विरलं. मला तिचा राग आला आणि कीवही आली. तिने हातातली पत्रिका रुळांच्या कडेला ठेवली.

"तान हुती," ती म्हणाली. "धीर न्हवता." आणि मग मान वर करून आण्णांकडे बघून म्हणाली, "आता मागते. द्या पानी प्यायला."

मी उठले. पाहुण्यांना पाणी देणं हे सुनेचं काम. आण्णांनी हाताने मला खाली बसवलं आणि स्वतः आत गेले. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि हा माणूस पाण्यासाठी स्वयंपाकघरात गेलेला मी पाहिला नव्हता. आतून झाकण पडल्याचा आवाज आला, मग चमच्यांचा, मग एक पातेलं गडगडत गेलं. हे मदतीला उठायला लागले तसा मी त्यांचा शर्ट धरून ठेवला. ग्लास जाळीच्या कपाटात वरच्या खणात होते. मी सांगितलं नाही.

शेवटी आण्णा बाहेर आले ते तांब्याच घेऊन, काठोकाठ भरलेला, फरशीवर सांडत. म्हातारीने तो त्यांच्या हातातून दोन्ही हातांनी घेतला आणि वरून न ओतता सरळ तोंड लावलं. ती इतकी घाईने प्यायला लागली की निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं आणि तिला ठसका लागला.

"सावकाश, आक्का," आण्णा म्हणाले. "भरपूर हाय."