नाव माहीत नसलेलं पाणी

नदी ओलांडताना हात जोडायचे, ही आमच्या घरची सवय. ताईने ती नॉर्वेलाही आणली होती. भावजी गाडी चालवत होते, शेजारी ताई, मागे मी आणि ताईच्या दोन लहान मुली. वळणावळणाला कड्यावरून पाणी कोसळत होतं आणि मुली नमस्कार करत होत्या.

"आई, या नदीचं नाव काय?" धाकट्या मीराने विचारलं.

"माहीत नाही गं."

"मग नमस्कार पोचतो का?"

"पोचतो," भावजी म्हणाले, "पण इथे हात खाली घ्यायला फुरसत नाही मिळायची."

मी नुसती हसले. शाळेच्या बसमध्ये एकदा पुलावर हात जोडले, तर मैत्रिणी खिदळल्या होत्या. तेव्हापासून पूल आला की मी दुसरीकडे बघते.

लांबलचक बोगदा संपला आणि भावजींनी गाडी बाजूला घेतली. आम्ही उतरलो. समोरच्या डोंगरावरून पांढऱ्या धारा खालच्या काळ्याशार पाण्यात उतरत होत्या. इतक्या लांबून त्यांचा आवाजही येत नव्हता. कोणी बघो न बघो, हे पाणी असंच पडत आलं असणार. मला एकदम फार लहान झाल्यासारखं वाटलं, आणि त्याचं बरंही वाटलं.

"मावशी, माझे हात दुखले," मीरा कुजबुजली. "माझा नमस्कार तू कर ना."

शेजारी अनोळखी प्रवासी उभे होते. मी हात जोडले.

"अगं, डोळे मीट!"

त्या पाण्यासमोर ते मात्र मला जमलं नाही.