सिस्टरांचे दोन च

"चारमधला च आणि पाचमधला च एक नाही, तुला माहीत आहे?" सिस्टरनी मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं. मी शाळेत मराठीत कायम पहिली आलेली. मनात म्हटलं, या केरळच्या बाई मला काय शिकवणार? तरी घरी येऊन चार, पाच, चार, पाच असं पुटपुटून पाहिलं. जीभ खरंच दोन वेगळ्या जागी लागत होती. माझ्या कानाला ते आजवर कळलंच नव्हतं.

सिस्टर मुलुंडला आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या. नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या. मराठी त्या वॉर्डात पेशंटांकडून शिकल्या होत्या. "तुम्हाला ही भाषा आयती मिळाली," त्या म्हणायच्या, "मला एकेक शब्द कान देऊन ऐकावा लागला."

मी पुन्हा कामावर जाऊ लागले तेव्हा माझी मुलगी सई दिवसभर त्यांच्याकडे असायची. तिच्याशी त्या मल्याळममध्येच बोलत. आम्हा दोघींनाही 'मोळे' म्हणत, म्हणजे मुली.

सई अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. दोन भाषांत पोरीचा गोंधळ होतोय, असं सासूबाई म्हणू लागल्या. माझ्या मनात वेगळीच धास्ती होती, हिला ऐकूच येत नसेल तर? शेवटी एका शनिवारी, तिला पाळणाघरात घालतेय हे सांगायला मी खाली गेले.

सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. मग सईच्या पाठीमागे उभ्या राहून तोंडासमोर नॅपकिन धरला आणि म्हणाल्या, "कर." सईनं पुस्तकातल्या समुद्रकिनाऱ्याच्या चित्रावर बोट ठेवलं. त्या पुन्हा म्हणाल्या, "कर." या वेळी सईनं टेबलावरच्या कापडावरचा हळदीचा डाग दाखवला. त्यांनी क्रम बदलून पाहिला, पण सई एकदाही चुकली नाही. मला मात्र दोन्ही शब्द अगदी एकच वाटत होते.

"आमच्याकडे र दोन आहेत. एकाचा किनारा होतो, दुसऱ्याचा डाग," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टरांना दाखवून ये. पण ऐकू येतंय तिला, मोळे. तुझ्यापेक्षा जास्त येतंय."

डॉक्टरांनीही कान चांगले असल्याचं सांगितलं. पाळणाघराचा विषय मी पुन्हा काढला नाही. दिवाळीच्या सुमारास सई बोलायला लागली ती दोन्ही भाषांत, आणि थांबेचना. तो दुसरा र ऐकायला मीही सिस्टरांसमोर कितीतरी दुपारी बसले. दहातली पाच उत्तरं बरोबर यायची, तीही अंदाजानं. त्या हसायच्या आणि चहा टाकायच्या.

गुडघे फारच दुखायला लागले तशा त्या गावी बहिणीकडे राहायला गेल्या. सई तेव्हा दहा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी एका सकाळी त्यांच्या बहिणीचा फोन आला. त्यांना मराठी येत नव्हतं, मला मल्याळम. मी फोन सईकडे दिला. ती उभ्यानंच ऐकत राहिली, हळूच एक-दोन शब्द बोलली आणि फोन तसाच कानाशी धरून मला चिकटून बसली. काय झालं ते तिला सांगावं लागलं नाही. पलीकडून रडणं ऐकू येत होतं, आणि तेवढं मलाही कळत होतं.