पूजेतला दोर

त्या वर्षी आमचा मुक्काम पुण्यातच होता. मुठेपलीकडच्या मैदानात तोफा ओळीने उभ्या होत्या, पावसाळा सरला होता आणि स्वारीचा हुकूम दसऱ्यानंतर निघायचा होता. आमच्या तोफेचं नाव थोरली. तिच्यावर आम्ही सात जण आणि सहा बैल. मी गोलंदाज, म्हणजे नेम धरून बत्ती देणारा. आमचे हवालदार धायरीचे रायाजी.

लोकांना वाटतं, तोफखान्यात रोज धडाडधूम चालते. तसं काही नसतं. वर्षाचे दहा महिने आम्ही तोफ पुसत असू, चाकांना वंगण देत असू आणि एकमेकांची टिंगल करत असू. पहाटे बैलांना पाणी. ऊन वर आलं की दारू वाळत घालायची. मग दोन घटका कवाईत. मग भाकरी. पण हवालदारांचं स्नान आणि खंडोबाचं नाव झाल्याशिवाय पंगत बसायची नाही, आणि पंगत बसली तरी पहिली भाकरी बैलांची. ती मोडून सहा तोंडांत गेली की मग हवालदार घास उचलत. तोवर आमच्या पोटात कावळे ओरडत.

माझं देवाशी विशेष सख्य नव्हतं. मी कसब्यात वाढलेला. देवळाच्या पायऱ्यांवर बसून आत जाणाऱ्यांना नावं ठेवायची, हे आमचं लहानपणापासूनचं काम. जिभेला हाड नव्हतं. एकदा मी म्हणालो, "हवालदार, थोरलीला हळदीकुंकू झालं. आता ओटीही भरून टाका." हवालदार पोट हलवून हसले. रागावणं त्यांना जमतच नसे, आणि म्हणून त्यांना चिडवण्यात पुरती मजाही येत नसे.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रं पूजेला बसतात. तोफ, दारू ठासायचा गज, बत्तीची काठी, चढणीवर तोफ ओढायचा जाड दोर, सगळं धुऊन पुसून मांडायचं, फुलं वाहायची. त्यानंतर दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. हत्याराचा तो विसाव्याचा दिवस. आदल्या वर्षी शेजारच्या तोफेवरच्या एकाने त्याच दिवशी पूजेतल्या गजाने नारळ फोडला होता. पुढे स्वारीत ती तोफ फुटली आणि दोन माणसं गेली. नारळाची गोष्ट तेव्हापासून सगळ्या तोफखान्यात झाली. त्या गोष्टीला सर्वांत मोठ्याने हसलो होतो मी. ओतकामात खोट होती, नारळाचा काय संबंध, असं मी चारचौघांत सांगत असे.

त्या खंडेनवमीला सकाळी सगुणाबाई झेंडू घेऊन आल्या. मैदानाला लागूनच त्यांचा मळा होता. वय पन्नाशीचं, आवाज तोफेला भारी. दरवर्षी फुलं त्याच आणत आणि ती कशी वाहायची हेही त्याच सांगत. दोराच्या वेटोळ्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने माळ घातली आणि मला म्हणाल्या, "महिपती, हात जोड. झिजत न्हाईत." मी म्हणालो, दोराला हात जोडायला लागलो तर उद्या बैलाच्या शेपटीलाही जोडावे लागतील. त्या म्हणाल्या, तुझ्यापेक्षा शेपटी कामाची, निदान माश्या तरी हाकलते. सगळी माणसं खदखदून हसली. त्या दिवशी जेवायला पुरणपोळी होती. जेवणं झाली, कवाईत नव्हती, काही जण सावलीला आडवे झाले.

तिसऱ्या प्रहरी बैलांनी एकदम कान टवकारले. मग आम्हालाही हाक ऐकू आली. हाक विहिरीकडून येत होती.

मळ्याची विहीर शंभर पावलांवर होती. आम्ही धावलो. पावसाने काठ भुसभुशीत झाला होता. काठाचा दगड निसटून सगुणाबाई आत गेल्या होत्या. पाणी दोन पुरुष खाली, आणि पाण्याची खोली कुणालाच ठाऊक नव्हती. बांधकामाच्या फटीतून उंबराचं एक मूळ बाहेर आलं होतं. ते दोन्ही हातांनी धरून बाई गळ्याइतक्या पाण्यात लोंबकळत होत्या. विहिरीला पायऱ्या नव्हत्या. पावसाळ्यात मोट बंद असते, त्यामुळे मोटेचा नाडा, म्हणजे दोर, त्यांच्या मुलाने सोडून गावातल्या घरी नेऊन ठेवला होता. तो अजून तिथेच होता, आणि घर पाव कोसावर.

दोर हवा होता. दोर कुठे आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी तिकडे कुणी वळलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण नारळाला हसणारा मी.

आणि माझे पाय हलले नाहीत. हे मी आजवर फार थोड्यांना सांगितलं आहे. डोळ्यांपुढे ती फुटलेली तोफ आली. उद्या दसऱ्याची सलामी होती आणि बत्ती मलाच द्यायची होती. मी घाईघाईने डोक्याचं मुंडासं सोडायला लागलो आणि म्हणालो, "हे पुरेल. धरा."

मुंडासं खाली सोडलं. बाईंनी एक हात मुळावरून काढून ते पकडलं, आम्ही ओढलं, आणि कमरेइतक्या वर आल्यावर ते टरकन फाटलं. त्या पाण्याखाली गेल्या. वर आल्या तेव्हा मूळ एकाच हातात सापडलं होतं आणि हाक मारण्याइतका श्वास उरला नव्हता.

मी मागे वळलो तर हवालदार येत होते. खांद्यावर पूजेतला दोर. माळ अजून त्याला लटकत होती आणि कुंकू त्यांच्या अंगरख्याला लागलं होतं. ते धावत नव्हते, पण थांबतही नव्हते. त्यांनी एक टोक माझ्या कमरेला बांधलं आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

"हवालदार, पूजा," कुणीतरी म्हणालं.

"झाली की सकाळी," हवालदार म्हणाले. मग मला म्हणाले, "उतर."

मी उतरलो. दोर हळदीने निसरडा झाला होता, झेंडूच्या पाकळ्या तोंडात जात होत्या. बाईंना काखेखालून धरलं, उरलेल्या दोराचा फास त्यांच्याभोवती टाकला आणि वर पाहून ओरडलो, "ओढा." वर पाच माणसं होती आणि सर्वांत पुढे हवालदार. चढणीवर थोरलीला ओढताना ते जी आरोळी देत, तीच त्यांनी दिली. आम्ही दोघं काठाला खरचटत वर आलो.

बाई बराच वेळ पालथ्या पडून पाणी ओकत होत्या. नंतर उठून बसल्या. दोराकडे पाहिलं, त्यावरच्या चोळामोळा झालेल्या माळेकडे पाहिलं, माझ्या उघड्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "फुलं दोराला माझी, अन् मला काढाया चिंधी?"

हवालदार मटकन खाली बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग आम्ही सगळेच हसलो. मी हसत होतो, पण मला लाज वाटत होती, आणि ती लाज योग्यच होती.

संध्याकाळी मी हवालदारांना एकटं गाठून विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? ते दोराला नव्याने हळदकुंकू लावत बसले होते. दोर ओलाच होता.

"लई भ्यालो," ते म्हणाले. "पन देवाची समजूत मागनं काढता येती. बुडालेल्या मान्साची न्हाई."

मी म्हणालो, मी तर काही मानतही नाही, तरी माझे पाय अडकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात टोमणा नव्हता. "तू देवाला मानत न्हाईस," ते म्हणाले, "नुसता भितोस. मी मानतो. म्हंजी त्याला वळखतो थोडाफार." आणि पुन्हा कुंकू लावायला लागले.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली आणि तिसऱ्या प्रहरी हवालदारांचे वरिष्ठ, जमादार, आले. जमादार शहरातले, बोलणं मोजकं आणि धारेचं. पूजा मोडल्याची बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती. थोरलीच्या आसपासची माणसं चार पावलं मागे सरकून उभी आहेत, हेही त्यांनी पाहिलं.

"हवालदार, आपण काल शस्त्रांची झोपमोड केलीत म्हणे."

"होय जी."

"बाई कशा आहेत?"

"बोलत्यात जी."

"म्हणजे बऱ्या आहेत." जमादारांनी तोफेभोवती एक फेरी मारली. "सलामी कुणी द्यायची ते आपण ठरवा. मी इथेच उभा राहतो. बाकीच्यांना फार लांब जायचं असेल तर खडकवासल्यापर्यंत रस्ता मोकळा आहे."

बत्ती माझ्या हातात होती. हवालदार ती घ्यायला पुढे आले. मी दिली नाही. ते माझ्या शेजारी उभे राहिले, खांद्याला खांदा लावून. श्रीमंतांची स्वारी सीमोल्लंघनाला निघाल्याची नौबत झाली. मी तोफेच्या कानाला बत्ती लावली.

थोरली अशी काही वाजली की मुठेकाठचे सगळे बगळे उडाले. नळी शाबूत, गाडा शाबूत, आम्ही शाबूत. मागे सरकलेली माणसं नाचत पुढे आली. सगुणाबाई कानांवर हात ठेवून मळ्याच्या बांधावरून ओरडत होत्या. काय ते ऐकू आलं नाही, पण शिव्या असाव्यात. थोड्या वेळाने आपट्याची पानं घेऊन आल्या आणि हवालदारांच्या पाया पडल्या. हवालदार इतके संकोचले की बैलांमागे जाऊन लपले. इतका आनंदाचा दसरा मी पुन्हा पाहिला नाही.

पुढे तिसऱ्या वर्षी दक्षिणेतल्या एका स्वारीत, दिवस उतरायला दोन घटका असताना, थोरली नाल्याच्या चिखलात रुतली. समोरून मारा चालू होता. तोफ सोडून मागे येण्याचा हुकूम झाला. आम्ही आलो. हवालदार आले नाहीत. पुढची बैलजोडी त्याच जाड दोराला तशीच जुंपलेली होती. ते परत गेले आणि दोर कापून त्यांनी बैल मोकळे केले. मग गोळी लागली. मी त्यांना बाहेर ओढून आणलं तेव्हा ते गेले होते. दोन्ही बैल आपल्या पायांनी छावणीत आले. एकाच्या जुवाला कापलेल्या दोराचा हातभर तुकडा लोंबत होता. मी तो सोडून घेतला.

आता माझ्या घरी खंडेनवमीला पूजा असते. एक तलवार, एक भाला आणि तो तुकडा. मी हात जोडतो. देवाला जोडतो असं म्हणवत नाही. समोर रायाजी हवालदार दिसतात, त्यांना जोडतो. सगुणाबाई आता थकल्या आहेत, चालवत नाही. पण झेंडू नेमाने येतो, आणि घेऊन येणाऱ्याबरोबर दरवर्षी तोच निरोप असतो, दोर कुठे ठेवलाय ते विचारून ये.

मी कळवतो, सगळ्यांच्या वर ठेवलाय. चटकन हाताला येईल असा.