चपला आत घ्या

ज्या माणसाने सहा वर्षं माझं गुपित राखलं, त्याचं गुपित मी एका कप चहावर दोन परक्या माणसांना सांगून टाकलं. तेही कौतुकाने. हे आधीच सांगतो. पुढे त्यांच्याविषयी जे चांगलं लिहीन, ते वाचताना तुम्ही मलाही चांगला समजू नये.

"चपला आत घ्या," हे त्यांचं वाक्य. घोडेगावला एका बंद पडलेल्या शिकवणीच्या खोलीत रविवारी दुपारी दारू सोडू पाहणाऱ्यांची मिटिंग भरते. आलेल्याच्या चपला ते स्वतः उचलून बाकाखाली नेऊन ठेवायचे. "चपलेवरनं माणूस वळखत्यात, राव," म्हणायचे. खेड्यात राहिलेल्यांना यातलं खरंखोटं मी सांगायला नको.

मी येडगावात मास्तर. मिटिंगचा पत्ता डॉक्टरांनी मला औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून दिला होता. शेजारचा तालुका, तिथे कोण ओळखतंय, असा माझा हिशेब. तरी दोन रविवार दारापर्यंत जाऊन परत फिरलो. तिसऱ्या रविवारी एसटीत शेजारी हे येऊन बसले. आमच्याच गावात त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. शाळेची पाण्याची मोटार जळली की तेच नवी तार भरून द्यायचे.

"कुठं निघालात, गुरुजी?"

"घोडेगावला. तहसिलीत काम आहे जरा."

"माझंबी तिथंच." त्यांनी तिकीट काढून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "आपली तहसील जुन्नरला हाय. आन आज रविवार हाय."

हसू दोघांनाही आवरलं नाही. उतरल्यावर ते पुढे, मी मागे. दाराशी मी पुन्हा घुटमळलो, तेव्हा त्यांनी वाकून माझ्या चपला पायातून जवळजवळ काढूनच घेतल्या. परत फिरायची सोयच राहिली नाही.

आत ते मला कधी गुरुजी म्हणाले नाहीत. "पावणं" म्हणायचे. "हितं गुरुजी कुणी न्हाई," एवढंच. गावात मात्र चारचौघांत मान हलवून पुढे जायचे, जणू माझी-त्यांची ओळख शाळेच्या मोटारीपुरतीच.

ते स्वतःची एकच गोष्ट सांगायचे. दुकानाचं शटर ओढून प्यायचे, गावात कुणाला पत्ता नव्हता. बाटली एका जळक्या मोटारीच्या पोटात लपवलेली. शाळेत जाणाऱ्या लेकीला ती सापडली. तिने आरडाओरडा केला नाही. बाटली ओतून दिली आणि तिच्यात पाणी भरून ठेवलं. "अंधारात त्ये पाणी पिऊन मी अर्धा तास झिंगलो व्हतो, राव! गाणंबी म्हनलं!" सगळे हसायचे. मग ते खाली बघत म्हणायचे, "दाराआड पोरगी उभी व्हती. बघत व्हती."

मिटिंगला कधी नऊ जण असायचे, कधी तीन. शिनोलीचे एक जण चार महिने आले, मग यायचे थांबले. त्यांच्या दहाव्याला आम्ही दोघं नदीकाठी लांबच उभे होतो. कुणी विचारलं असतं, तुम्ही कोण, तर काय सांगणार?

आता माझी गोष्ट. त्यांच्या लेकीला स्थळ आलं. मुलाकडचे दोघे चौकशीला शाळेत आले. मास्तरला विचारायची रीतच आहे. चहा मागवला.

"मुलीचा बाप कसा हाय, गुरुजी?"

"सोनं आहे माणूस," मी म्हणालो. तिथे थांबायला हवं होतं. पण मला त्यांचा अभिमान होता, आणि तो कुणापाशी बोलायची सोय नव्हती. "सहा वर्षं झाली, दारूला शिवलेले नाहीत."

वयस्कर पाहुण्यांनी कप खाली ठेवला. "म्हंजी आदी पित व्हते?"

"ते सोडलं ना त्यांनी..."

"तुमाला कसं ठावं?"

आम्ही शेजारी शेजारी बसतो, म्हणून. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "गावात कानावर येतंच."

आठ दिवसांत निरोप आला, पत्रिका जुळत नाही. खरं कारण त्याच्या मागोमाग गावभर झालं.

त्या रविवारी ते आले. चपला आत घेतल्या. मग हळूच मला विचारलं, "कुणी सांगितलं आसंल, पावणं?"

"माणसं काय, बोलतात," मी म्हणालो आणि सतरंजीकडे बघत राहिलो.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. नंतर कधीच नाहीत. दुकानाचं शटर भरदुपारी उघडं असायचं आणि ते आत सगळ्यांदेखत पीत बसायचे. "आता लपवायचं कुणापासनं?" असं म्हणाले म्हणे.

मिटिंगला आता आम्ही तिघं. चपला मी आत घेतो.

पाच महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. पडवीत खाटेवर होते, अंगाचं चिपाड झालेलं. लेक उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. मला बघून त्यांनी मान उचलली. जीभ जड होती, तरी म्हणाले, "गुरुजी... चपला आत घ्या. कुनी बघंल."

मी घेतल्या नाहीत. पायरीवर, गल्लीला दिसतील अशा राहू दिल्या. समोरच्या ओट्यावरच्या दोघी बघत होत्या.

"दादा," मी म्हणालो, "त्या पाव्हण्यांना मीच सांगितलं. आणि मीही पिणारा, तुमच्या शेजारी बसतो, तेवढं मात्र लपवलं."

ते घोरत होते.

तेव्हा मी लेकीसमोर खाली बसलो. समोरच्या ओट्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि म्हणालो, "माझं चुकलं, बाई."